वेताळ पोस्टाने पाठवताना

मागच्या भागात जुन्या कॉमिक्सच्या किमतींबद्दल बोललो, आणि लगेच नागपूरहून एका श्रोतीचा मेसेज आला. वडिलांच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे १२ अंक निघाले. बंगळुरूच्या एका संग्राहकाने ते घ्यायचं ठरवलं, पैसेही पाठवले. आता तिचा प्रश्न : "दादा, हे धड पोहोचवायचे कसे? तेही पावसाळ्यात? आणि कुरिअरवालाच सगळे पैसे खाऊन जाईल असं नको."

रास्त प्रश्न आहे. इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं. वेताळ, मँड्रेक, बहादूर. लोक वाचायचे आणि रद्दीत टाकायचे, म्हणून जे उरलेत ते उरलेत. इतकी वर्षं ट्रंकेत टिकलेला अंक चार दिवसांच्या प्रवासात कोपऱ्यात दुमडला, तर त्याची किंमत तिथेच पडते. आणि ते वडिलांचे अंक आहेत हे वेगळंच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कॉमिक फुटत नाही, कॉमिक वाकतं. त्यामुळे काचेच्या बरणीसारखं पॅकिंग करून उपयोग नाही. मोठं खोकं, आत भरपूर बबल रॅप आणि मध्ये सैल फिरणारे अंक, म्हणजे पैसेही गेले आणि कोपरेही गेले. आपल्याला हवंय सपाट, ताठ आणि आत अजिबात न हलणारं पाकीट.

प्रत्येक अंक स्वच्छ, कोऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घाला. शर्ट ज्या कडक, चकचकीत पारदर्शक पिशवीत येतो ना, साधारण तशी. पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी असेल तर अंक आत सरकवताना ती मागे दुमडून ठेवा. मुखपृष्ठाला ती एकदा चिकटली की रंग घेऊनच सुटते. महाग अंक असेल तर पाठीमागे एक पातळ, गुळगुळीत पुठ्ठा घाला.

आता १२ अंकांची चळत. इथे एक गंमत आहे. अंकाची पिना मारलेली बाजू जाड असते. सगळे अंक एकाच दिशेने रचले की चळत एका बाजूला चढते आणि दाबाखाली सगळे तिरपे होतात. म्हणून एक डावीकडे, एक उजवीकडे, असे आलटून पालटून ठेवा. सहा-सहाच्या दोन चळती करा आणि दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेपने बंद करा. जुलैत हा थर टाळायचाच नाही. कागद ओल शोषतो, पिना गंजतात.

मग येतात पुठ्ठे, सगळ्यात महत्त्वाचे. किराणा दुकानातलं कोरडं, नालीदार पुठ्ठ्याचं खोकं मागून आणा. फुकट मिळतं. (तेलाचा डाग असलेलं नको!) अंकापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन सेंटीमीटर मोठे तुकडे कापा. नाली ज्या दिशेने जाते त्या दिशेला समांतर पुठ्ठा सहज दुमडतो, आडवा दुमडत नाही. म्हणून वर दोन, खाली दोन असे पुठ्ठे घ्या आणि प्रत्येक जोडीत एकाची नाली उभी, दुसऱ्याची आडवी ठेवा. हाताने वाकवून बघा, फरक लगेच कळेल. चळत प्लास्टिकसकट खालच्या पुठ्ठ्याला मास्किंग टेपने चारही कोपऱ्यांवर तिरकी बांधा. टेप प्लास्टिकवर, अंकावर कधीच नाही. टेपचं टोक थोडं दुमडून ठेवा, म्हणजे समोरच्याला नखाने उचलता येईल, कात्री घालावी लागणार नाही.

बबल रॅप हवाच असेल तर पुठ्ठ्यांच्या बाहेर. आणि अंक गुंडाळून नळीत? नाही. कृपा करा.

आता पैशांचं. बहुतेक खासगी कुरिअर वजनाबरोबर आकारही मोजतात : लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. ३० बाय २५ बाय १५ चं खोकं म्हणजे सव्वादोन किलो, आत कापूस भरला तरी. तेच पाकीट ४ सेंटीमीटर जाड केलं तर ६०० ग्रॅम. आकार आणि खरं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. म्हणजे चपटं पॅकिंग सुरक्षितही आणि स्वस्तही.

पोस्टात आता जुनं रजिस्टर्ड बुकपोस्ट नाही, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. ऐकायला मस्त, पण ते अभ्यासाची, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं पाठवायला आहे. नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं त्यात चालत नाहीत. इंद्रजाल ठरावीक काळाने निघायचं, जाहिरातीही छापायचं, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. स्पीड पोस्ट बरं. ऑक्टोबर २०२५ च्या दरांप्रमाणे ५०० ग्रॅमपर्यंतचं पाकीट २,००० किलोमीटरच्या पुढे गेलं तरी ९३ रुपये, वर जीएसटी. घरच्या काट्यावर आधी वजन करा. पाच-दहा ग्रॅमसाठी वरच्या टप्प्यात जात असाल तर बाहेरचा बबल रॅप काढा, पुठ्ठा काढू नका. आणि १२ अंक एकदमच पाठवा, दोन-दोन करून नको.

पाकिटावर "वाकवू नका" हिंदी-इंग्रजीत जरूर लिहा, पण ते वाचलं जाईल असं समजू नका. आत काय आहे, किती किमतीचं आहे, ते बाहेर मिरवू नका. पत्त्यावर पारदर्शक टेप लावा, शाई पावसात पसरते. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका. किंमत मोठी असेल तर काउंटरवर विम्याचं विचारा. बंद करण्याआधी प्रत्येक अंकाचे दोन्ही बाजूंनी फोटो आणि पॅकिंगचा एक सलग व्हिडिओ काढून ठेवा. घेणाऱ्यालाही उघडताना व्हिडिओ काढायला सांगा, आणि कटर खोल घालू नका म्हणावं. बऱ्याच वेळा अंक सगळा प्रवास सुखरूप करतो आणि शेवटी घेणाऱ्याच्याच ब्लेडने फाटतो.

नागपूरकर ताई, पाऊस उघडला की सकाळीच काउंटरवर जा. पोहोचले की कळवा. बाकीच्यांनी आपापले प्रश्न पाठवा, भेटू पुढच्या भागात.