व्हॅनला वेगळ्या मापाचे टायर



बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तो आधी लाकडी चाकाचा घेर मोजतो आणि मगच लोखंडी पट्टी कापतो. पट्टी आखूड पडली तर चाकावर चढत नाही. लांब झाली तर चार दिवसांत सुटून येते. चूक लगेच कळते. रबरी टायरचे तसे नाही. चुकीच्या मापाचा टायरही दुकानात बसतो, हवा धरतो आणि गाडी डौलाने बाहेर पडते. त्याचा दोष दिसतो तो पुढे, घाटात, गाडी माणसांनी भरलेली असताना.

आज बोलायचे ते याविषयी. खेड्यातली व्हॅन सकाळी शाळेची मुले नेते, दुपारी बाजाराची पोती आणते आणि वेळप्रसंगी रात्री रुग्णाला तालुक्याला पोहोचवते. तिचे टायर गोटा झाले की मालक दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, "तुमचं माप संपलंय हो. हे घ्या, थोडं रुंद आहे, पण बसतं." हे "बसतं" कितपत खरे, ते आपले आपण पाहता आले पाहिजे.

टायरच्या कुशीवर आकडे उठवलेले असतात. समजा, १५५/८० आर १३ असे लिहिले आहे. १५५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या शेकडा ८० इतकी, म्हणजे १२४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. आतले धागे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले. १३ हा डिस्कचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! गणिताच्या गुरुजींना मुलांसाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

आता हिशेब करू. १३ इंच म्हणजे ३३० मिलिमीटर. त्यात खालची नि वरची अशा दोन कुशी मिळवल्या की पुऱ्या चाकाची उंची येते ५७८ मिलिमीटर. दुकानदार १६५/६५ आर १३ देऊ लागला, तर त्याची कुस १०७ मिलिमीटर आणि चाकाची उंची सुमारे ५४५. नाव मोठे, रुंदी मोठी, पण चाक ३३ मिलिमीटरने लहान! व्हॅनचे पोट जमिनीकडे १६-१७ मिलिमीटर खाली येते. ओढ्यातल्या दगडांच्या वाटेवर एवढ्यानेही फरक पडतो.

दुसरी गंमत मीटरची. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. पहिले चाक किलोमीटरला सुमारे ५५१ फेरे घेते, हे लहान चाक ५८४. त्यामुळे मीटरवर हजार किलोमीटर उमटले, तरी गाडी प्रत्यक्षात ९४२च चाललेली असते. मालक खुशीत सांगतो, "नवीन टायरनं ॲव्हरेज वाढलं!" ॲव्हरेज कुठले वाढायला, मीटर फुगलेला असतो. चाक मोठे बसवले तर उलटे होते. मीटर ६० दाखवतो आणि गाडी त्याहून जोरात पळत असते. शिवाय मोठ्या चाकाने चढावर गाडीची ओढ कमी पडते आणि ब्रेकलाही जास्त झटावे लागते. म्हणून मूळ उंचीपेक्षा शेकडा दोन-तीनहून अधिक फरक पत्करू नये. १७५/७० आर १३ घेतला तर उंची ५७५ येते, फरक जवळपास नाहीच. पण तो रुंद असल्याने त्याला निदान साडेचार इंच रुंदीची डिस्क लागते. चार इंची डिस्कवर तो चिमटून बसतो आणि मधोमध झिजतो. डिस्कची रुंदी तिच्यावरच कोरलेली असते. ती वाचून घ्या.

मात्र उंची जुळली म्हणजे काम झाले, असे नाही. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे, आणि तोच कोणी वाचत नाही. मापाच्या पुढे ७९ एस असे काहीतरी असते. ७९ हा भाराचा अंक. ७९ म्हणजे एका टायरला ४३७ किलो, ७७ म्हणजे ४१२, ८२ म्हणजे ४७५. पुढचे अक्षर वेगाच्या मर्यादेचे. आता समजा, भरलेल्या व्हॅनच्या मागच्या दोन चाकांवर मिळून ८५० किलो येतात. ४३७चे दोन टायर ८७४ किलो पेलतात. ४१२चे दोन मिळून ८२४च. म्हणजे गाडी निघण्याआधीच टायर हरलेला! कमी ताकदीचा टायर भाराखाली जास्त दबतो, दर फेऱ्याला कुस वाकते, तापते, आणि वैशाखातल्या डांबरी रस्त्यावर एखाद्या दिवशी फुटतो. व्हॅनच्या मूळ टायरवर एलटी किंवा ८ पीआर अशी खूण असेल, तर तो मालवाहू बांध्याचा टायर आहे. त्याच्या जागी साध्या मोटारीचा टायर, स्वस्त मिळाला तरी, घालू नका.

कायद्याचेही थोडे सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने परिवहन वाहनाच्या नोंदणीत टायरांची संख्या, प्रकार व माप लिहिले जाते, आणि शाळेची बसही परिवहन वाहनात मोडते. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत किंवा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीने एकाहून अधिक मापे दिली असतील, तर त्यांतलेच एक निवडावे. दुसरे माप घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे. महाराष्ट्रातल्या शिक्षक बंधुभगिनींना आणखी एक सांगायचे आहे. २०११च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असते. त्या समितीच्या बैठकीत कागदपत्रे पाहून झाली की जरा अंगणात या आणि चारही टायरांवरचे आकडे वहीत उतरवून घ्या. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. टायर बदलायला झाला. कुशीवर चार आकड्यांची तारीखही असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नवीन म्हणून घेतलेला टायर पाच वर्षे दुकानात पडून होता की काय, ते तिथे कळते.

एका आसावर दोन मापांचे टायर कधीही नकोत. मागच्या आसावर तर मुळीच नको, कारण लहान-मोठ्या चाकांचा फरक आतल्या दातेरी चाकांना सतत सोसावा लागतो. बजेट दोनच टायरांचे असेल, तर मूळ मापाचेच दोन घ्या. आणि स्टेपनी विसरू नका. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ साली जादा चाके बनू लागली, त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला. चार टायर नव्या मापाचे आणि स्टेपनी जुन्या मापाची, असे झाले तर पंक्चरच्या वेळी पुन्हा तोच घोळ.

टायर चढवल्यावर पैसे देण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. टायरच्या खांद्यांवर फळ्याचा खडू फासा. गाडीत माणसे भरा, स्टिअरिंग पार डावीकडे आणि पार उजवीकडे वळवून दोन चकरा मारा, एखादा खड्डाही घ्या. मग उतरून पाहा. खडू आतल्या पत्र्याला किंवा पाट्याला लागला असेल, तर टायर तिथे घासतो आहे. तो परत करा. हवा किती भरायची ते नव्या टायरच्या भारावरून ठरवून घ्या आणि ती सकाळी, टायर थंड असताना मोजा. डिस्कचे नट पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यायचे असतात. ते काम मुलांना शाळेत सोडल्यावर, रिकाम्या गाडीवर करा.