चार झेंडावंदनं आणि एक तिरंगा : आधी भारतीय की आधी मराठी?

हेडफोन लावून बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर ऑफिसात स्टँडअप मीटिंग सुरू व्हायची वाट बघत असाल, तर पुढची दहा मिनिटं माझ्यासोबत रहा.

आजचा विषय थोडा तापलेला आहे. तुम्ही रील्स बघत असाल तर दर दोन-चार दिवसांनी एक तरी व्हिडिओ समोर येतोच. कुणीतरी कुणाला तरी विचारतं, "इथं राहतोस, मग इथली भाषा का येत नाही?" समोरचा म्हणतो, "हा भारत आहे, मी कुठंही राहीन." मग आवाज चढतो, कधी हात उठतो, आणि खाली दोन गट पडतात. एक गट म्हणतो आधी महाराष्ट्र, दुसरा म्हणतो आधी देश. दोघांनाही वाटतं की समोरचा गद्दार आहे.

मला या प्रश्नाचीच गंमत वाटते. आधी काय? मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. फॉर्म बनवताना दोन प्रकारची बटणं असतात. एक रेडिओ बटण, ज्यात अनेक पर्यायांतला एकच निवडता येतो. दुसरा चेकबॉक्स, ज्यात हवे तेवढे पर्याय निवडता येतात. आपल्याला कुणीतरी देश आणि प्रदेश हा प्रश्न रेडिओ बटण लावून दिलाय, आणि आपण मुकाट्यानं एकावर टिक करत बसलोय. पण फॉर्म मुळात असा होता का? त्यासाठी आपण जरा इतिहासात जाऊ. पुस्तकी इतिहास नको, माझ्या भागाचा सांगतो.

मी मराठवाड्याचा. नांदेड जिल्ह्यातला, तेलंगणाच्या सीमेजवळचा. आमच्याकडे शाळेत वर्षाला चार झेंडावंदनं. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी सगळ्या देशाची, १ मे सगळ्या महाराष्ट्राचं, आणि १७ सप्टेंबर आमचं खास. पुण्यात इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा कळलं की तिकडच्या बऱ्याच पोरांना १७ सप्टेंबर माहीतच नाही.

तर ते काय आहे? १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा झाला नाही. आम्ही होतो निजामाच्या हैदराबाद संस्थानात. या संस्थानात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसं एकत्र राहायची. सरकारी कारभार उर्दूत चालायचा, उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूत. निजामाला भारतात यायचं नव्हतं. शेवटी सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आत शिरलं, ज्याला आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात, आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. म्हणजे देशापेक्षा तेरा महिने उशिरा.

आता यातली खरी गोष्ट ऐका. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होणार होती. निजाम सरकारनं ती जन्माला यायच्या आधीच तिच्यावर बंदी घातली. मग लोकांनी काम कुठून केलं? मराठी भागात महाराष्ट्र परिषद होती, तेलुगू भागात आंध्र महासभा, कन्नड भागात कर्नाटक परिषद. नावं बघा, तिन्ही प्रादेशिक! आपल्या भाषेत शाळा हव्यात, सभा घेता यायला हवी, अशा मागण्यांपासून ही माणसं पुढं सरकली आणि भारतात विलीन व्हायच्या लढ्यापर्यंत पोचली. आमच्याकडे देशभक्ती भाषेच्या दारातून आत आली.

आणि या लढ्याचे नेते कोण? स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचा जन्म सिंदगीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यातला. शिक्षक म्हणून काम केलं मराठवाड्यात, हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला. लढले तेलुगू, मराठी, कन्नड सगळ्यांसाठी. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आजच्या रीलच्या हिशोबानं ते 'बाहेरचे' ठरले असते, नाही का?

पुढं १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरला गेले. तेलंगणा आंध्र प्रदेशात. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून शंभरहून जास्त माणसांनी जीव दिला, हे हुतात्मा चौकातून जाताना आपण विसरायला नको.

आता या तारखा शेजारी ठेवून बघा. १९४८ ला आम्ही भारतीय झालो. १९६० ला आम्ही महाराष्ट्राचे झालो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बारा वर्षांचं अंतर आहे दोन्हीत. आणि दोन्ही दिवशी वर कुठला झेंडा चढतो? तिरंगा. महाराष्ट्र दिनालाही तिरंगाच. आपल्या आधीच्या पिढ्यांना यात काही विसंगती वाटली नाही.

मग फरक नेमका काय आहे? मला तो असा समजतो.

देश म्हणजे हक्क. आपल्याकडे नागरिकत्व एकच आहे, भारताचं. महाराष्ट्राचं वेगळं नागरिकत्व नाही, तेलंगणाचं नाही. संविधानाच्या १९ व्या कलमानं मला देशात कुठंही राहायचा, स्थायिक व्हायचा हक्क दिलाय. कलम १६ सांगतं की केवळ जन्मस्थानावरून सरकारी नोकरी नाकारता येणार नाही. हे हक्क नांदेडला असताना जेवढे असतात, तेवढेच हैदराबादला असताना.

प्रदेश म्हणजे घर आणि वाटा. घर म्हणजे भाषा, जेवण, सण, शिव्या, विनोद, सगळं. आणि वाटा म्हणजे पाणी, नोकऱ्या, निधी. हा दुसरा भाग आपण विसरतो. तेलंगणाचंच बघा. भाषा तीच, तेलुगू. तरी २ जून २०१४ ला वेगळं राज्य झालं. का? कारण पाणी, पैसा आणि नोकऱ्या यांत आपल्याला वाटा मिळत नाही असं तिथल्या लोकांना वाटत होतं. आमच्या मराठवाड्यात 'अनुशेष' हा शब्द पोरासोरांना माहीत असतो, तो यामुळंच. विदर्भाचंही तसंच. १९५३ च्या नागपूर करारामुळं आजही विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला होतं. म्हणजे प्रादेशिक अस्मिता कधी भाषेची असते, कधी पोटाची असते. पोटाच्या प्रश्नाला "तू देशद्रोही आहेस" हे उत्तर होत नाही.

मी सध्या हैदराबादला नोकरी करतो. माझ्या आजोबांच्या तरुणपणी हैदराबाद ही आमचीच राजधानी होती. कोर्टाचं काम, मोठा दवाखाना, सगळं इथं. १९५६ नंतर तेच शहर परराज्यात गेलं. माझ्या टीममध्ये एक जण आहे, घर न सोडता त्याचं राज्य २०१४ मध्ये बदललं! राज्यांच्या सीमा संसद कायदा करून बदलू शकते, कलम ३ मध्ये तशी सोयच आहे. मग ज्या रेषा एका कायद्यानं सरकतात, त्यांच्यापलीकडच्या माणसाला शत्रू कसं मानायचं?

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सांगितलं होतं की आपण आधीही भारतीय आणि शेवटीही भारतीयच असावं, मध्ये दुसरी निष्ठा नको. त्यांना भीती होती की भाषेच्या प्रांतांची पुढं छोटी छोटी राष्ट्रं होतील. पण तेच बाबासाहेब १९४८ मध्ये भाषावार प्रांतांच्या आयोगापुढं महाराष्ट्राची बाजू मांडतात, मुंबई महाराष्ट्रापासून तोडू नका म्हणतात. सोबत धोक्याचा इशाराही देतात. म्हणजे त्यांनी प्रदेश नाकारला नाही, त्याला मर्यादा घातली. ती भीती आजही खरी आहे. "हे आमचं राज्य, तुम्ही दुय्यम" असं ज्या दिवशी आपण म्हणतो, त्या दिवशी आपण राज्याचं छोटं राष्ट्र करायला लागतो.

पण उलट टोकही बघून घ्या. पाकिस्ताननं उर्दू हीच राष्ट्रभाषा म्हणून बंगाली लोकांवर लादायचा प्रयत्न केला. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगालीसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९७१ ला तो देशच फुटला. फुटायला बाकीचीही कारणं होती, पण पहिली मोठी भेग भाषेची होती. आपण मात्र १९५६ ला भाषेला राज्यं दिली. तेव्हा अनेकांना वाटलं होतं की आता देश मोडणार. मोडला नाही.

म्हणून मी स्वतःपुरत्या दोन चाचण्या ठरवल्यात. तुम्हाला पटल्या तर घ्या.

पहिली : माझा प्रदेशाभिमान दुसऱ्याचा नागरिक म्हणून असलेला हक्क हिरावतो का? मराठी पाटी मागणं, बँकेत मराठीतून उत्तर मागणं, मराठी शाळा टिकवा म्हणणं, हे सगळं शंभर टक्के बरोबर. पण बारा-बारा तास ड्युटी करणाऱ्या वॉचमनच्या कानाखाली मारून व्हिडिओ टाकणं, यात मराठीचं काय भलं झालं? बरं, जाब विचारायचा तर बँकेच्या वरच्या साहेबाला विचारा की. हात नेहमी गरिबावरच का उठतो?

दुसरी : माझं देशप्रेम कुणाला त्याची भाषा पुसायला सांगतं का? "भारतात राहतो, मला तुझी भाषा शिकायची गरज नाही" हे वाक्य देशभक्तीचं वाटतं, पण त्यात आळसच जास्त असतो. ज्या देशावर प्रेम आहे, त्याच्याच एका भाषेचा एवढा कंटाळा कसा? मी इथं मोडकं तेलुगू बोलतो. भाजीवाली हसते, पण कोथिंबीर जास्त घालते.

आणि आरसाही धरा समोर. बेळगावात मराठी शाळा टिकावी असं आपल्याला मनापासून वाटतं. मग जत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड शाळांबद्दलही तसंच वाटायला हवं. आपल्यासाठी हक्क आणि दुसऱ्यासाठी उपकार, असा हिशोब चालत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, "आधी भारतीय की आधी मराठी?" तर उत्तर द्यायची घाई करू नका. आधी फॉर्म दुरुस्त करा. दोन्हीवर टिक करा आणि विचारा की नेमकं भांडण कशाचं आहे : भाषेचं, पाण्याचं, नोकरीचं की निवडणुकीचं? निम्मी भांडणं या एका प्रश्नानंच उघडी पडतात.

आणि हो, तुमच्या घरात मराठवाड्यातलं, बीदरकडचं किंवा तेलंगणातलं कुणी जुनं माणूस असेल, तर त्यांना १७ सप्टेंबरबद्दल नक्की विचारा. फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. ती पिढी आता फार थोडी उरलीय.

चला मंडळी, आज इथंच थांबतो. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, भांडू पण मराठीत भांडू! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.