मुलामागचे घर
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मुलांच्या मानसिक अडचणी’ या विषयावर मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. विषय इतका विस्तीर्ण आहे की, त्याच्या व्याख्या व प्रकार सांगता सांगताच माझा वेळ संपेल आणि आपल्या पदरात फारसे काही पडणार नाही. म्हणून मी आज एका बाईंविषयीच बोलणार आहे. त्या समाजकार्यकर्त्या होत्या. मानसोपचाराच्या क्षेत्रात त्यांनी स्वतःची एक वाट पाडली. आणि त्यापूर्वी त्या आपल्यासारख्याच शाळेत शिकवीत होत्या. त्यांचे नाव व्हर्जिनिया सॅटिर.

सॅटिरबाईंचा जन्म २६ जून १९१६ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील नील्सव्हिल या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत त्या थोरल्या. तिसऱ्या वर्षीच त्या आपल्या आपण वाचावयास शिकल्या. पाच वर्षांच्या असताना त्यांच्या आंत्रपुच्छाला सूज आली. आई ख्रिश्चन सायन्स या पंथाची निष्ठावान अनुयायी होती. त्या पंथात डॉक्टरी उपचारांऐवजी प्रार्थनेवर भिस्त ठेवतात. वडील डॉक्टरकडे नेऊ म्हणत, आई नको म्हणे. अखेर वडिलांनी आईचे म्हणणे बाजूला सारले, तोवर दुखणे फार बळावले होते, आणि मुलीला कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले. बालपणीच आणखी एका दुखण्यात त्यांची श्रवणशक्तीही काही काळ गेली. ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याला घरातील वारे माणसांच्या चेहऱ्यांवरून, हातांवरून, खांद्यांवरूनच ओळखावे लागते. ही नजर त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडली. मोठेपणी आपण मुलांच्या वतीने आईबापांवर पाळत ठेवणारे गुप्तहेर व्हावयाचे, असे आपण पाचव्या वर्षीच ठरविले होते, असे त्या सांगत. घरात वरवर दिसते त्याहून पुष्कळ काही चालू असते, एवढे त्या पोरवयातही त्यांना उमगले होते.

१९२९ मध्ये मुलीला हायस्कूलचे शिक्षण मिळावे म्हणून आईने हट्ट धरला आणि सारे कुटुंब मिलवॉकी शहरी आले. (मुलीला औषध नाकारणारी आई आणि तिच्या शिक्षणासाठी सगळे घर हलविणारी आई एकच होती, हे आपण ध्यानात ठेवावे. पालकांविषयी मत बनविताना त्याचा उपयोग होतो.) पुढे आर्थिक मंदीचे दिवस आले. अशा काळात नोकरी करीत करीत त्यांनी तेथील शिक्षक महाविद्यालयाची पदवी १९३६ साली घेतली व त्या शिक्षिका झाल्या.

या नव्या शिक्षिकेने एक प्रघात पाडला. शाळा सुटल्यावर त्या वर्गातील एखाद्या मुलाबरोबर त्याच्या घरी जात. तक्रार घेऊन जात नसत. मूल कोठे राहते, कोणाशी बोलते, कोणाला भिते, हे पाहावे, एवढाच हेतू. आपल्यालाही घरोघर जाणे नवे नाही. पटनोंदणी, शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण, मतदारयादी, जनगणना, गावात असा उंबरठा नसेल की जो आपण ओलांडलेला नाही. परंतु प्रत्येक वेळी काखेत कसली तरी नोंदवही असते. वही घरी ठेवून आपण शेवटचे कोणाच्या अंगणात केव्हा बसलो होतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. कामाचा बोजा किती आहे, हे मी जाणतो. दोष देण्यासाठी हे बोलत नाही.

सुमारे सहा वर्षे शिकविल्यावर सॅटिरबाई समाजकार्याच्या शिक्षणाकडे वळल्या आणि शिकागो विद्यापीठाची त्या विषयातील पदव्युत्तर पदवी त्यांनी १९४८ मध्ये मिळविली. आपल्याकडेही या शिक्षणाचा आरंभ त्याच सुमाराचा आहे. मुंबईस सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ साली निघाले आणि बालमार्गदर्शनाचे चिकित्सालय त्याने पुढच्याच वर्षी सुरू केले. मुलाच्या मनाचा विचार करताना समाजकार्यकर्त्याने त्याच्या घरी जाऊन यावे, ही रीत तेव्हापासून आपल्याही देशात आहे.

१९५१ मध्ये सॅटिरबाईंनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्या काळी मानसोपचाराचा दंडक असा होता की, उपचार करणाऱ्याने रुग्णाला एकट्यालाच भेटावयाचे. नातेवाइकांना मध्ये घेणे हा दोष मानला जाई. त्यांच्याकडे एक तरुण मुलगी येऊ लागली. तिला गंभीर मनोविकार असल्याचे निदान आधीच झालेले होते. सहाएक महिन्यांत ती पुष्कळ सुधारली. तेवढ्यात तिच्या आईचा दूरध्वनी आला: तुम्ही माझी मुलगी माझ्यापासून तोडलीत, मी तुमच्यावर फिर्याद करीन. दुसरे कोणी असते तर वकिलाकडे धावले असते. सॅटिरबाईंना त्या धमकीच्या आवाजात एक विनवणीही ऐकू आली, आणि त्यांनी आईलाच बोलावून घेतले. आई येऊन बसली मात्र, मुलगी पहिल्या दिवशी होती तशी वागू लागली. सहा महिन्यांची सुधारणा क्षणात नाहीशी झाली! हळूहळू मायलेकींचा सूर जुळला. मग बाईंनी वडिलांना बोलाविले. पुन्हा सारे विस्कटले. तेही सावरले, तेव्हा सर्व घराचा लाडका असा थोरला मुलगा आला आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. या एका कुटुंबाने बाईंना शिकविले की, आजारी म्हणून दाखविले जाणारे माणूस हे बहुधा घराच्या दुखण्याचे बाहेर दिसणारे टोक असते.

आपल्याकडे पाळण्यावर चिमणाळे टांगतात. त्यातील एका चिमणीला बोट लावले की बाकीच्या सगळ्या हलतात. पाश्चात्त्य घरांतही तसे टांगते खेळणे असते, आणि सॅटिरबाई कुटुंबाला त्याचीच उपमा देत. बाप गावाला गेला, आजी वारली, कर्ज झाले, थोरलीचे लग्न मोडले, यांपैकी काहीही झाले तरी दुसरीत शिकणारे मूल हलतेच. ते हलताना आपल्याला दिसते. कोणी बोट लावले ते दिसत नाही. आपण हजेरीपटावर लिहितो, ‘अनियमित’. वर्गात म्हणतो, ‘उनाड’. हा शब्द मुलाला चिकटला की पुढच्या इयत्तेचे गुरुजीही तोच घेऊन पुढे चालतात.

१९५९ साली त्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे नव्यानेच निघालेल्या मानसिक संशोधन संस्थेत गेल्या. डॉन जॅक्सन हे तेथील प्रमुख होते. तेथे कौटुंबिक उपचाराचे पद्धतशीर प्रशिक्षण त्यांनी सुरू केले, आणि १९६४ मध्ये या विषयावरील त्यांचे पहिले पुस्तक आले. पुढे देशोदेशी हिंडून त्यांनी हजारो लोकांना हे शिकविले. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता त्यांची प्रत्यक्ष रीत कशी होती, ते पाहू. कारण आपल्या कामाचा भाग तोच आहे. कुटुंब खोलीत आले की त्या प्रत्येकाशी, अगदी धाकट्या पोराशीसुद्धा, हात मिळवून ओळख करून घेत. लहान मुलाशी बोलताना खाली वाकत वा बसत. त्याची नजर आणि आपली नजर एका पातळीवर आणत. ‘काय बिघडले?’ हा प्रश्न त्या लवकर विचारीतच नसत. आईवडिलांची भेट कशी झाली, घर केव्हा मांडले, कोण केव्हा जन्मले, कोण गेले, कोठून कोठे बिऱ्हाड हलले, असा कुटुंबाचा इतिहास त्या सर्वांसमक्ष काढीत. त्यामुळे दोन गोष्टी साधत. ज्या एकावर सगळ्यांनी बोट रोखलेले असते त्याच्यावरील दडपण कमी होई. आणि आईबापही एकेकाळी गोंधळलेले तरुण होते, हे मुलांना कळे.

आपल्या जिल्ह्यांत हा इतिहास विचारण्याचे महत्त्व फार आहे. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात आणि मूल आजीपाशी राहते. किंवा तेही बरोबर जाते व होळीनंतर परत येते. अशा मुलाच्या मनात वर्षातून दोनदा घर मोडते आणि दोनदा उभे राहते. ‘सध्या घरात कोण कोण आहे?’ हा साधा प्रश्न दर सत्रारंभी विचारला, तरी पुष्कळ कोडी उलगडतील.

सॅटिरबाईंच्या लहानपणी शेतावरील घराच्या मागल्या पडवीत तीन पायांचे एक मोठे काळे बिडाचे भांडे असे. वर्षाचा काही काळ त्यात साबण शिजे. मळणीच्या दिवसांत गडीमाणसांसाठी रस्सा शिजे. एरवी वडील त्यात आईच्या फुलझाडांसाठी खत साठवीत. भांडे वापरू पाहणाऱ्याला म्हणून दोन गोष्टी विचाराव्या लागत: सध्या त्यात काय आहे, आणि ते किती भरलेले आहे? माणसाला स्वतःची किंमत किती वाटते, हे सांगण्यासाठी बाई हाच दाखला देत. त्या ज्या घरांत उपचार करीत, तेथे ‘आज माझे भांडे रिकामे आहे’ असे मुले सरळ म्हणू लागत. शेतकऱ्याच्या मुलाला समजावून द्यावयास याहून सोपी उपमा मला तरी ठाऊक नाही.

भांडे रिकामे असले की माणूस बोलताना चार प्रकारची सोंगे घेतो, असे त्यांचे निरीक्षण होते. पालकाला शाळेत बोलाविल्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. वडील हात जोडून म्हणतात, “चुकलंच गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं.” हे पहिले सोंग, नमते घेण्याचे, त्याने मुलाचे काहीच हित होत नाही, घरी गेल्यावर मार मात्र मिळतो. दुसरे सोंग बोट रोखण्याचे: “तुमचे घरी लक्षच नाही.” ते बहुधा आपल्या बाजूने होते. तिसरे कोरड्या तर्काचे. आपण टक्केवारी आणि श्रेणी वाचून दाखवितो, आणि समोरची माणसे आहेत हे विसरतो. चौथे विषय टाळण्याचे, आई मध्येच विचारते, “चहा टाकू का, गुरुजी?” सॅटिरबाई ही सोंगे लोकांना शरीराने घ्यावयास लावीत. एकाने गुडघ्यावर बसून हात पसरावयाचे, दुसऱ्याने कमरेवर हात ठेवून बोट रोखावयाचे, तिसऱ्याने खांबासारखे ताठ उभे राहावयाचे. पाच मिनिटे तसे राहिले की पाठ दुखू लागते आणि आपण रोज काय करतो ते कळते. आपणही हे शिक्षकांच्या बैठकीत करून पाहावे. हसू येईल, ते येऊ द्यावे.

याहून वेगळे बोलणे म्हणजे मनात, चेहऱ्यावर आणि शब्दांत एकच असणे. उदाहरणार्थ: “दादा, पंधरा दिवस झाले, पोरगा वर्गात डुलक्या घेतोय. मला काळजी वाटते. घरी झोपेचं कसं काय आहे, ते मला सांगाल का?” यात लाचारी नाही, आरोप नाही, आणि काळजी लपविलेलीही नाही.

येथे मर्यादा सांगितलीच पाहिजे. बाईंच्या पद्धतीवर टीकाही झाली. तिचे यश त्यांच्या स्वतःच्या जिव्हाळ्यावर फार अवलंबून आहे, ते मोजता येत नाही आणि इतरांना तसेच साधत नाही, असे त्यांचे समव्यावसायिक म्हणत. या टीकेत तथ्य आहे, असे मला वाटते. शिवाय आपण शिक्षक आहोत, उपचारक नाही. मूल सतत भेदरलेले असेल, जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे बोलत असेल, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विचारावे, जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे. मारहाण वा छळाचा संशय आल्यास मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक आहे. आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर घर समजून घेत बसण्याची ती वेळ नव्हे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांना कळविणे आपल्यावर बंधनकारक आहे. गावातील भिडेने ते टाळता येत नाही.

शेवटी एक प्रयोग सांगतो. तो कोणत्याही शाळेत बिनखर्ची होण्याजोगा आहे. सॅटिरबाई कुटुंबांना ठरावीक दिवशी एकत्र बसवीत आणि त्याला घराचे ‘तापमान पाहणे’ म्हणत. प्रथम ज्याला ज्याचे कौतुक वाटले असेल ते त्याने बोलून दाखवावयाचे. मग नवी बातमी. मग न कळलेल्या गोष्टी विचारावयाच्या. त्यानंतर तक्रार, पण तक्रार करणाऱ्याने तिच्यावरचा उपायही सुचवावयाचा. अखेरीस प्रत्येकाची एखादी इच्छा. शनिवारी सकाळची शाळा सुटण्यापूर्वी वीस मिनिटे मुलांना गोल बसवून हे करता येईल. पहिले दोन-तीन शनिवार मुले गप्प बसतील, किंवा ‘गुरुजी छान शिकवतात’ एवढेच म्हणतील. मग एखादी मुलगी विचारील, आमची ताई शाळेत का येत नाही, किंवा एखादा म्हणेल, आमचा बाप कधी येणार ते कोणी सांगत नाही. तेव्हा लगेच उत्तर देण्याची घाई करू नये. ते ऐकून ठेवावे, वर्गात त्याची चर्चा होऊ देऊ नये, आणि त्या आठवड्यात संध्याकाळी त्या घरी एक फेरी मारावी, वही न घेता.

माझा वेळ संपला आहे. आपल्या वर्गातील काही उदाहरणे मनात असतील तर मुलाचे नाव न घेता ती आता मांडावीत.