हजेरी क्रमांक आणि रजिस्टर नंबर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



पाचवीत माझा हजेरी क्रमांक २७ होता. आठवीत तुकडी बदलली आणि तो ४१ झाला. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमधला नंबर मात्र प्रवेश घेतल्यापासून एकच राहिला. मध्यंतरी दाखल्याची दुय्यम प्रत घ्यायला आले, तेव्हा सवयीने सासरचं आडनाव सांगितलं. ते कुठेच सापडेना. रजिस्टर नंबर सांगितला आणि पाच मिनिटांत माझं पान समोर आलं.

इंटरनेटवरही नेमका हाच घोळ आहे. वेबपत्ता हा हजेरी क्रमांकासारखा. वस्तू आत्ता कुठे बसली आहे, एवढंच तो सांगतो. जागा बदलली की पत्ता निकामी. मागच्या मेळाव्याचे फोटो आपण एका फुकटच्या संकेतस्थळावर ठेवले होते. ते बंद पडलं. गणिताच्या सरांचा आपल्यासोबतचा शेवटचा फोटो त्यातच होता. आज सर नाहीत आणि तो फोटोही नाही.

माझं काम संशोधनाचं. आमच्याकडे यावर उपाय निघाला तो डीओआयचा. २००० सालापासून शोधनिबंधांना असे क्रमांक मिळू लागले. ते १० या आकड्याने सुरू होतात. निबंध दुसऱ्या संकेतस्थळावर गेला, तर प्रकाशकाने मध्यवर्ती नोंदीत नवा पत्ता लिहायचा. क्रमांक तोच राहतो. २०१२ साली ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली.

माणसांचं काय? माझे सुरुवातीचे निबंध माहेरच्या नावाने आहेत, नंतरचे सासरच्या. यादीत त्या दोन वेगळ्या बायका झाल्या! त्याच २०१२ साली संशोधकांसाठी ऑर्किड हा सोळा आकडी क्रमांक सुरू झाला. तो एक ना-नफा संस्था विनामूल्य देते. नाव, नोकरी, देश काहीही बदललं तरी क्रमांक माझाच. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या पंधरांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणजे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर लगेच कळतं. सर आपल्याकडून ताळा करून घ्यायचे ना, तोच प्रकार.

या पद्धतींचे नियम सर्वांना वाचता येतात, वापरता येतात. ते एखाद्या कंपनीच्या तिजोरीत बंद नाहीत. तरीही एक गोष्ट विसरू नका. रजिस्टर टिकतं ते नंबरामुळे नाही, तर त्यात वर्षानुवर्षं नीट नोंद करणाऱ्या माणसामुळे. प्रकाशकाने नवा पत्ता लिहिलाच नाही, तर डीओआयही रिकाम्या घरी नेऊन सोडतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळाच्या नावाने स्वतःचं डोमेन घेऊया आणि दरवर्षी त्याचं शुल्क भरायची जबाबदारी दोघांवर सोपवूया. एक विसरला तर दुसरा आठवण करील. या स्मरणिकेची एक प्रत इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा ग्रंथालयातही ठेवूया. आणि आज घरी गेल्यावर जुने फोन, कपाटातल्या सीडी जरूर शोधा. सरांचा तो फोटो कुणाकडे तरी असेल.

मिळाला, तर या वेळी त्याची रजिस्टरात नोंद करू. नुसती हजेरी लावून भागणार नाही.