विडी एकाची, धूर साऱ्यांचा



एका घरात पाच माणसे आहेत. त्यांतला एकजण विडी ओढतो. बाकीचे चौघे ओढत नाहीत. तर मग त्या घरात विडी ओढणारे किती? तुम्ही म्हणाल, एक. आम्ही म्हणतो, पाच. कसे, ते सांगतो.

विडी पेटली की धूर दोन वाटांनी निघतो. एक धूर ओढणारा छातीत घेतो आणि नाकातोंडावाटे बाहेर सोडतो. दुसरा धूर विडीच्या जळत्या टोकातून परस्पर निघतो. दोन्ही धूर घरातल्या हवेत मिसळतात. तीच हवा भाकऱ्या थापणारी बाई घेते. तीच पाळण्यातले लेकरू घेते. त्यांनी विडीला हातही लावलेला नसतो. पण विडी कोणी पेटवली, हे धूर विचारत नाही.

तंबाखूच्या धुरात ७००० हून अधिक द्रव्ये असतात. त्यांतली सुमारे ७० द्रव्ये कर्करोग करणारी आहेत. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते. त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. अशा धुरात वाढणाऱ्या मुलांना खोकला, दमा, न्यूमोनिया, कानाचे दुखणे यांचा त्रास जास्त होतो. पोटुशी बाई या धुरात राहिली, तर मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. मोठ्या माणसांना हृदयविकार जडू शकतो.

याचा पुरावा काय, असे कोणी विचारील. जपानात हिरायामा नावाचे डॉक्टर होते. स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० बायकांची त्यांनी १४ वर्षे पाहणी केली. १९८१ साली त्यांनी निष्कर्ष सांगितला. ज्यांचे नवरे रोज २० किंवा जास्त सिगारेटी ओढत, त्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. कोणाच्या तुलनेत? ज्यांचे नवरे ओढत नव्हते, त्यांच्या तुलनेत. सिगारेट नवऱ्याची आणि रोग बायकोला!

कोणी म्हणतो, "मी खिडकीपाशी बसून ओढतो." बाबा रे, खिडकीतून थोडा धूर जातो, सारा जात नाही. कोणी म्हणतो, "घरात चुलीचा धूर आहेच की!" खरे आहे. चुलीचा धूरही वाईटच. पण एक ओझे डोक्यावर आहे म्हणून त्यावर दुसरे ठेवायचे काय?

आता कायद्याचे ऐका. मुंबईचे मुरली देवरा यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने शाळा, दवाखाने, कचेऱ्या, बसगाड्या, आगगाड्या अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ साली संसदेने कायदा केला. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू झाले. त्यांत २०० रुपयांपर्यंत दंड ठेवला. तेव्हा एस.टी.त कोणी विडी पेटवली, तर "दादा, विझवा" असे सांगायला भिऊ नका. कायदा तुमच्या बाजूने आहे.

पण हा कायदा आपल्या घरात येत नाही. तिथे कोण सांगणार? सुनेला सासऱ्यापुढे बोलवत नाही. लेकराला बोलताच येत नाही. म्हणून त्यांनी सांगायची वाट पाहू नये. घरातल्या थोरल्याने आपणहून उठावे आणि विडी घेऊन अंगणाच्या पलीकडे जावे. थोरला उठला की धाकटेही उठतात.

पाहुणा आला की आपण विडीकाडी पुढे करतो. ती रीत बदलू या. गूळपाणी द्या, चहा द्या. मान राहतो आणि घरातली हवाही राखली जाते.

विडी कायमची सुटली तर फारच चांगले. ओढणाराही वाचेल. सोडताना मदत लागली तर सरकारी दवाखान्यात विचारा. पण ती सुटेपर्यंत एवढा नेम आपण सारे करू या: उंबऱ्याच्या आत विडी पेटवायची नाही. या नेमाला पैसा लागत नाही. आज रात्रीपासूनच तो पाळता येईल.