गाडी हाकणारा आणि लेकरू सांभाळणारा

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या अमरावती-अकोल्याकडे शाळेची वेळ झाली, की ऑटो दाराशी येतो. लेकरे आत, दप्तरे बाहेर लटकलेली. आता ऐकतो, की चालकावाचून चालणारी गाडीही लेकरांना शाळेत नेईल. ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी राहिलेली नाही. अमेरिकेत फिनिक्स शहरात वेमो कंपनी अशा गाड्या चालवते. जुलै 2025 पासून तेथे 14 ते 17 वर्षांची मुले आईबापांच्या संमतीने त्यांतून एकटी जाऊ लागली. गाडी कुठवर पोचली, ते आईला मोबाईलवर दिसते.

यंत्राला झोप येत नाही, ते दारू पीत नाही. हा गुण मोठा आहे, तो नाकारू नये. पण 2 ऑक्टोबर 2023 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत काय घडले, तेही ऐका. दुसऱ्या मोटारीने उडवलेली एक बाई क्रूझ कंपनीच्या चालकरहित गाडीपुढे पडली. तिला धडकून गाडी थांबली. मग कडेला जायला निघाली आणि बाई सुमारे 20 फूट फरफटत गेली. खाली माणूस आहे, हे यंत्राला उमगले नाही. त्याच महिन्यात तेथील सरकारने परवाना थांबवला.

आपल्याकडे नितीन गडकरींनी 2023 साली नागपुरात सांगितले, की चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही. रोजगाराची काळजी खरीच. पण आईचा प्रश्न निराळा. आमच्यातल्या एका आजीने तो विचारला, "काहो बाप्पा, लेकराले उतरवून फाटकात कोन सोडन?"

चांगला ऑटोवाला नुसती गाडी हाकत नाही. लेकराला ताप भरला तर ओळखतो. घराला कुलूप दिसले तर शेजारणीच्या हवाली करतो. हे करणारे माणूस गाडीत हवे, मग चाक कोणीही फिरवो.

असे माणूस आज तरी आहे का? महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूलबस नियमांत बसमध्ये मदतनीस सांगितला आहे, मुलींसाठी बाई मदतनीस सांगितली आहे. प्रत्येक शाळेत परिवहन समिती आणि तीत पालकांचा प्रतिनिधी सांगितला आहे. भगिनींनो, ही समिती कधी बसते, हे आपल्यापैकी कितीजणींनी शाळेत विचारले? येत्या पालकसभेत प्रत्येकीने दोनच गोष्टी विचाराव्यात. समितीवर आपल्यातली कोण आहे? आणि आपल्या लेकराला हाताला धरून कोण उतरवते? त्या गाड्या येतील तेव्हा येतील. विचारण्याची सवय आजच लागली, तर त्या दिवशीही आपण गप्प बसणार नाही.