बरें वाटल्यावर घ्यावयाचें औषध

ताप उतरला कीं औषधाची बाटली फडताळांत मागें सरकते, हा आपल्या सर्वांच्या घरचा रिवाज आहे. किरकोळ दुखण्यांत त्यानें फारसें बिघडतही नाहीं. परंतु एक दुखणें असें आहे कीं, त्यांतील सर्वांत अवघड प्रश्न रोग्यास बरें वाटूं लागल्यावरच उभा राहतो. त्या दुखण्यावरील एका साध्या क्षाराची हकीकत मी आज आपणांपुढें ठेवणार आहें.

हें दुखणें मनाचें आहे. त्यास बायपोलर विकार किंवा मराठींत द्विध्रुवी विकार असें म्हणतात. घरांतला एखादा शहाणासुरता, कमावता मुलगा एकाएकीं झोप सोडतो. त्याचें बोलणें थांबत नाहीं. रात्रीं दोन वाजतां तो नव्या कारखान्याचे बेत सांगूं लागतो. पैसा पाण्यासारखा खर्च करितो. कोणी अडविलें तर अंगावर येतो. हा उन्माद. कांहीं महिन्यांनीं तोच मुलगा अंथरुणांतून उठत नाहीं, ताट पुढें आलें तरी जेवत नाहीं, आणि आपला सर्वांस भार झाला आहे एवढेंच म्हणतो. हा विषाद. या दोहोंच्या मधल्या काळांत मात्र तो अगदीं पूर्वीसारखा असतो, आणि घरचीं माणसें फसतात तीं येथेंच. पीडा टळली असें समजून तीं निश्चिंत होतात.

कित्येकांस केवळ विषादच पुनः पुन्हां येतो. छिन्नमनस्कता ही आणखी निराळी. तींत रोग्यास नसलेले आवाज ऐकूं येतात, किंवा लोक आपल्या वाईटावर टपले आहेत असें त्याच्या मनानें घेतलेलें असतें. आपण मात्र या सर्वांस 'वेड' हा एकच शब्द लावीत आलों, आणि 'ठाण्यास पाठवा' ही थट्टा हंसत हंसत करीत आलों. शब्द एक असला कीं रोगही एकच दिसूं लागतो. रोग निरनिराळे आहेत, हें पटवून देण्यास औषधांचीही मोठी मदत झाली.

जॉन केड नांवाचा एक ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांच्या हातीं सांपडला व सिंगापूरच्या चांगी येथील बंदिवासांत त्यानें तीन वर्षांहून अधिक काळ काढिला. सुटून आल्यावर मेलबर्नजवळील बुंदूरा येथील मनोरुग्णालयांत तो काम करूं लागला. प्रयोगशाळा म्हणावी तर ती एक वापरांत नसलेली स्वयंपाकघराची खोली. उन्माद म्हणजे शरीरांतील एखाद्या द्रव्याचा अतिरेक असावा, अशी त्याची कल्पना होती. ती पडताळण्यासाठीं तो रोग्यांच्या मूत्राचे अंश गिनीपिगांस टोंचीत असे. त्यांत यूरिक आम्ल विरघळेना, म्हणून त्यानें लिथियमचा क्षार वापरला, आणि प्राणी उत्तेजित होण्याऐवजीं शांत झाले. त्याची मूळ कल्पना पुढें टिकली नाहीं. प्राण्यांची ती शांतता विषबाधेची असावी, असेंही पुढें पुष्कळांनीं म्हटलें आहे. पण चुकीच्या वाटेनें जातां जातां तो बरोबर दारापाशीं येऊन ठेपला, आणि तें दार ओळखण्याची दृष्टि त्याच्यापाशीं होती.

आधीं तो क्षार त्यानें स्वतः घेऊन पाहिला. मग १९४८ च्या मार्च महिन्यांत, पांच वर्षें उन्मादांतच असलेल्या एका रोग्यास दिला. कांहीं आठवड्यांत तो गृहस्थ शांत झाला, आणि उन्हाळी-हिवाळी ज्याची रुग्णालयांतच गेली होती तो जुलै महिन्यांत घरीं जाऊन आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला. केडनें हें सर्व १९४९ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध केलें. त्यानें उन्मादाच्या दहा, छिन्नमनस्कतेच्या सहा व विषादाच्या तीन रोग्यांस हें औषध दिलें होतें. उन्माद असलेले दहाही जण सुधारले. छिन्नमनस्कतेच्या कांहीं रोग्यांची नुसती तगमग कमी झाली, मूळ रोग तसाच राहिला. विषादाच्या तिघांत कांहींच फरक पडला नाहीं. एकाच क्षारानें तीन रोगांस तीन निराळीं उत्तरें दिलीं, हें त्या छोट्या निबंधाचें मोल आहे.

आतां त्या पहिल्या रोग्याचें पुढें काय झालें, तें ऐका. त्यास बरें वाटूं लागलें. औषधाकडे दुर्लक्ष होऊं लागलें. शेवटीं तें बंदच पडलें. कांहीं महिन्यांत तो पुन्हां रुग्णालयांत आला. औषध पुन्हां सुरू झालें. पण लिथियमचें योग्य प्रमाण व विषारी प्रमाण यांतील अंतर फार थोडें असतें, आणि रक्तांतील प्रमाण मोजून औषध देण्याची सोय त्या काळीं केडपाशीं नव्हती. १९५० सालीं तो रोगी लिथियमच्या विषबाधेनेंच वारला. अमेरिकेंतही १९४९ सालीं हृदयाच्या रोग्यांस मिठाऐवजीं दिलेल्या लिथियमनें कांहीं बळी घेतले होते. औषध बदनाम झालें. तें वांचलें याचें श्रेय मोजमापास आहे. मेलबर्नमध्येंच ट्राउटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रक्तांतील लिथियम मोजून औषध देण्याची शिस्त घालून दिली.

पुढचा अध्याय डेन्मार्कचा. मोगेन्स शू यांच्या सख्ख्या भावास विषादाचे झटके वर्षानुवर्षें येत असत, आणि लिथियम सुरू झाल्यावर ते थांबले. पण घरच्या अनुभवास पुरावा म्हणत नाहींत, हें शू जाणून होते. त्यांनीं १९५४ सालीं उन्मादाच्या कांहीं रोग्यांस नाणें उडवून खरें औषध किंवा निरुपद्रवी गोळी देऊन पाहिली. पुढें बास्ट्रुप यांच्यासह १९६७ सालीं त्यांनीं असा दावा केला कीं, लिथियम झटका आवरतें एवढेंच नव्हे, तर पुढचा झटका येऊंच देत नाहीं. लंडनच्या दोघां डॉक्टरांनीं लागलीच त्यास दंतकथा ठरविलें. टीका कठोर होती, परंतु उपयोगी ठरली.

तिला उत्तर देणें सोपें नव्हतें. ज्यांस औषधानें गुण आला आहे त्यांचें औषध केवळ पुराव्यासाठीं काढून घ्यावयाचें काय? म्हणून चाचणीची रचनाच अशी केली कीं, उत्तर स्पष्ट होतांच ती थांबावी. लिथियम घेत असलेल्या चौऱ्याऐंशी स्त्रियांपैकीं ४५ जणींचें औषध चालू ठेविलें व ३९ जणींस त्याऐवजीं निरुपद्रवी गोळी दिली. कोणास काय मिळत आहे, हें उपचार करणाऱ्या डॉक्टरांस ठाऊक नव्हतें. पांच महिन्यांत त्या ३९ जणींपैकीं २१ जणींस रोगानें पुन्हां गांठलें. औषध चालू असलेल्या ४५ पैकीं एकीसही नाहीं. त्यांत केवळ विषादाचेच झटके वारंवार येणाऱ्या स्त्रियाही होत्या. १९७० सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले, व त्याच वर्षीं अमेरिकेनेंही उन्मादासाठीं लिथियमला परवानगी दिली.

छिन्नमनस्कतेची वाट निराळी निघाली. आपल्या देशांत गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं सर्पगंधेचा गुण वैद्यकीय जगापुढें मांडला होता. पॅरिसच्या डॉक्टरांनीं १९५२ सालीं क्लोरप्रोमाझीन पुढें आणलें. स्वित्झर्लंडांत रोलंड कून यांनीं छिन्नमनस्कतेवर देऊन पाहिलेलें इमिप्रामीन त्या रोगावर निष्फळ ठरलें, पण विषादावर गुणकारी निघालें; हें १९५७ सालीं प्रसिद्ध झालें. प्रत्येक कुलुपास आपली किल्ली लागते, हेंच पुन्हां दिसलें.

लिथियम हें रामबाण नव्हे. तें सर्वांस मानवत नाहीं. हात कांपतात, तहान लागते, कंठग्रंथि व मूत्रपिंड यांवर लक्ष ठेवावें लागतें. आत्महत्येचा धोका त्यानें कमी होतो असें पुष्कळ अभ्यासांचें म्हणणें आहे, तरी अलीकडच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणींत तसा फरक दिसला नाहीं. हेंही सांगितलें पाहिजे. तें मेंदूंत नेमकें कसें काम करितें, याचा उलगडा अद्याप पुरा झालेला नाहीं. मात्र कांहीं गोष्टी प्रत्येक घरानें जाणल्या पाहिजेत. रक्ताची तपासणी चुकवूं नये. कडक उन्हाळा, जुलाब-वांती, निर्जळी उपास, किंवा एकदम अळणी सुरू करणें, यांनीं रक्तांतील लिथियम धोक्याइतकें वाढूं शकतें. गुडघेदुखीसाठीं दुकानांतून आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळीनेंही तेंच होतें. आणि औषध थांबवावयाचें झालेंच, तर तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें, हळूहळू थांबवावें. एकाएकीं तोडल्यास रोग उसळून येण्याचा धोका अधिक.

श्रोतेहो, हें औषध बहुतेक घरांत चोरून घेतलें जातें. सोयरीक जमावयाची असते, कचेरींत बढती व्हावयाची असते, म्हणून गोळ्यांची डबी कपड्यांच्या घडीखालीं जाते, आणि एखाद्या दिवशीं रोगीच म्हणतो, "आतां मी बरा आहें, हें कशाला?" त्यास रागावूं नका. तो बरा आहे, हें खरेंच आहे. मधुमेहाची गोळी जशी सकाळच्या चहाशेजारीं उघडी असते, तशी ही डबीही ठेवा. तुमच्या घरांत ती लपवावी लागली नाहीं, तर त्याची अर्धी लढाई तुम्हीं लढलांत. मेलबर्नच्या त्या पहिल्या रोग्यास औषधानें पहिल्यांदा दगा दिला नव्हता. तें सुटत चाललें होतें तेव्हां त्यास कोणी सांवरलें नाहीं, एवढेंच. आपल्या घरीं तसें होऊं नये, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.